पंगतीतील हजेरी

दुसऱ्याच्या मुखात अन्न पडावे म्हणून जो कोणी हात लावतो त्याचा हातभार खरा की नावापुरता, हे कोणी ठरवावे आणि कोणत्या खुणेवरून ठरवावे, हा प्रश्न आज पंचायत समितीच्या दफ्तरात, तपासणी अधिकाऱ्याच्या टिपणात आणि अनुदानाच्या दाखल्यात येऊन बसला असल्यामुळे तो निव्वळ कारभाराचा आहे असे वाटते; परंतु त्याचे मूळ फार जुने आहे, आणि ज्या धर्मविचाराने अन्नाला ब्रह्माच्या पदवीस नेले व केवळ स्वतःसाठी रांधणाऱ्याला पापाचा धनी ठरवले, त्या विचाराला तो कधीच टाळता आलेला नाही. देणाऱ्याने दिले एवढ्यावर दान पुरे होत नाही. घेणाऱ्याच्या पानात काय पडले, कोणत्या मुद्रेने पडले, आणि पंक्तीत त्याला कोठे बसवले, हे तिन्ही प्रश्न दानाच्या पोटातच आहेत अशी आपल्या पूर्वसूरींची धारणा होती. रत्नागिरीच्या माणसाला हा विचार करण्यास विशेष कारण आहे, कारण कोणी कोणाच्या शेजारी बसून जेवावे हा वाद गेल्या शतकात या नगरात भर रस्त्यावर, देवळाच्या दारात आणि उपाहारगृहाच्या बाकावर लढला गेला आहे.

प्रथम आजची व्यवस्था पाहू. सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले जेवण दिले पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. तोपर्यंत महाराष्ट्रात मुलाला महिन्याकाठी तीन किलो तांदूळ घरी नेण्यास मिळत असे, आणि त्यानंतर शाळाशाळांतून चुली पेटल्या. पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने, हे त्याचे ठरलेले माप. सहा वर्षांखालील मुले, गरोदर व स्तनदा माता यांच्यासाठी २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू असलेली अंगणवाडीची योजना आहे, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने या दोन्हींना मेहेरबानीच्या पंक्तीतून उठवून हक्काच्या पंक्तीत बसवले आहे. हा सारा बारदाना एकट्या सरकारने चालवावयाचा नाही, गावाने त्यात भागीदार व्हावे, म्हणून समित्यांची योजना झाली: शाळा व्यवस्थापन समिती, जिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, गावाची आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती, अंगणवाडीच्या मातांचा गट, आणि स्वयंपाकाचे काम पत्करणारे बचत गट. मुलांना वाढण्यापूर्वी दोन-तीन मोठ्या माणसांनी, त्यांत निदान एका शिक्षकाने, अन्नाची चव घ्यावी आणि तशी नोंद करावी, असाही दंडक आहे.

म्हणजे भागीदारीचा सांगाडा उभा आहे, आणि तो चांगल्या हेतूने उभा केलेला आहे. पण या भागीदारीचे मूल्यमापन करण्याची वेळ आली की आपण काय मोजतो? बैठका किती झाल्या, कोरम पुरा होता की नाही, इतिवृत्तावर सह्या किती, सप्टेंबरच्या पोषण महिन्यात फेऱ्या किती निघाल्या, छायाचित्रे किती चढवली. ही मोजदाद खोटी असते असे मला म्हणावयाचे नाही. पुष्कळदा ती अक्षरशः खरी असते. मला म्हणावयाचे आहे ते असे की ती देणाऱ्याच्या बाजूला उभी राहून देणाऱ्यालाच मोजते, आणि धर्मशास्त्राच्या दृष्टीने हीच तिची मुख्य उणीव आहे.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाची व यज्ञाची जी प्रतवारी केली आहे तिच्याकडे या दृष्टीने पाहावे. विधी, मंत्र, दक्षिणा आणि श्रद्धा यांच्या अभावाच्या जोडीलाच ज्यात अन्न वाटले गेले नाही, त्या यज्ञाला तेथे तामस म्हटले आहे. आणि दान योग्य माणसाला न देता, सत्कारावाचून व अवज्ञेने दिले, तर तेही त्याच कोटीत घातले आहे. येथे कर्त्याच्या श्रद्धेइतकेच महत्त्व कर्माच्या दुसऱ्या टोकाला दिलेले दिसते: अन्न पोहोचले काय, आणि मानाने पोहोचले काय. तैत्तिरीय उपनिषदाने दात्याकडून श्रद्धेच्या जोडीला लज्जा, भय आणि समजूत यांचीही अपेक्षा केली आहे. लज्जा कशाची, असे विचारले तर मला त्याचे एकच उत्तर सुचते: आपल्याजवळ देण्याइतके आहे आणि समोरच्याजवळ नाही, या विषमतेची. आणि भय? आपले देणे अपुरे ठरेल, घेणाऱ्याने मान फिरवली तर आपला सगळा खटाटोप निष्फळ होईल, याचे. ज्या दात्याला ही धास्ती कधी स्पर्शत नाही, त्याच्या दातृत्वाचा आकडा कितीही मोठा असो, तो त्या पंक्तीचा भागीदार झाला आहे असे मानणे कठीण आहे. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धासाठी रांधलेले अन्न अस्पृश्यांना जेवू घातल्याची जी कथा महाराष्ट्राने चारशे वर्षे जपून ठेवली आहे, तिच्यातही लोकांना भावले ते अन्नाचे मोल नसून, त्या एका पंक्तीपायी नाथांनी आपल्या प्रतिष्ठेची जी जोखीम पत्करली ती होय.

जोखमीचा हा मुद्दा इतिहासात एकदा फार विलक्षण रीतीने तपासला गेला. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका समारंभास अनेक प्रतिष्ठित गृहस्थ जमले, तेथे चहा-बिस्किटे पुढे आली, आणि गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. त्या यादीने ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि चौकशीत कोणी पेला तोंडाला लावला, कोणी तो नुसता हाती धरून यजमानाचा मान राखला, कोणी केवळ बसून होता, याचा कीस पाडण्यात आला. यादीत न्यायमूर्ती रानडे होते, आणि १८५६ साली याच रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळकही होते. दोघांनाही पुढे प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करावा लागला. त्या निवाड्यातील तत्त्व आज आपल्याला सर्वस्वी अमान्य आहे, आणि असावयास हवे. परंतु तेव्हा उपस्थितीच्या नोंदीला जो अर्थ होता, त्याचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या यादीत नाव येणे म्हणजे घरच्या लग्नमुंजीस भटजी न मिळणे, पंक्तीतून उठवले जाणे, सोयरिकी मोडणे. नावाला किंमत पडत होती, म्हणून नाव हा पुरावा होता.

चाळीस वर्षांनी रत्नागिरीत हेच शस्त्र उलट दिशेने चालवले गेले. विनायक दामोदर सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत या जिल्ह्यात स्थानबद्ध होते, राजकारण त्यांना वर्ज्य होते, आणि त्या काळात त्यांनी जातिभेदाविरुद्ध जी मोहीम उभारली तिच्यात सहभोजने उघड, जाहीरपणे करणे हा एक प्रमुख भाग होता. भागोजीशेठ कीर या भंडारी समाजातील उद्योगपतींच्या द्रव्याने १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले, ज्याच्या गाभाऱ्यापर्यंत सर्व हिंदूंना मुक्त प्रवेश होता. १९३३ साली अखिल हिंदू उपाहारगृह निघाले. काळोखात, दार लावून कोणाकडे जेवणे यात त्या काळच्या सुधारकांनाही नवल राहिले नव्हते. नवल होते ते दिवसाउजेडी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत एका ओळीत बसण्यात, कारण दुसऱ्या दिवशी त्याचा जाब आळीत आणि जातीत द्यावा लागे. त्या सहभोजनांची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे: ती पंक्ती हिंदूंपुरती होती, आणि ज्या किनाऱ्यावर मुसलमान दर्यावर्दी व शेतकरी कुटुंबे शतकानुशतके नांदत आली आहेत तेथे ही मर्यादा लहान नव्हती. तरीही त्या पंक्तीत बसलेल्या माणसाच्या सहभागाविषयी शंका घेण्यास जागा नव्हती, कारण बसल्याबरोबर त्याचे काहीतरी गेले होते.

याच जिल्ह्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र १९३६ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात सहभोजनावर जो आक्षेप घेतला तो मला आजच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचा वाटतो. ज्या जातींमध्ये एकत्र जेवणखाण चालते त्यांच्यातही जातीची जाणीव मेलेली नाही, तेव्हा प्रसंगोपात्त एकत्र जेवल्याने ती मरेल ही आशा व्यर्थ आहे, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे धैर्याने केलेली एक कृती, ती कितीही सच्ची असली, तरी नात्याची जागा घेऊ शकत नाही. समारंभातील सहभाग आणि नित्याचा सहभाग यांतील हा भेद ज्याने ओळखला त्याला वर्षातून एकदा एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवशी शाळेत वाटलेल्या जिलेबीची नोंद लोकसहभागाच्या रकान्यात करताना अवघडल्यासारखे झाल्यावाचून राहणार नाही.

आता आपल्या खेड्यातील शाळेकडे या दोन निकषांनी पाहावे, जोखीम आणि नित्यता. नित्यतेच्या बाबतीत शाळेची पंगत ही सहभोजनाच्या चळवळीने स्वप्नातही पाहिली नसेल एवढी मोठी गोष्ट आहे. वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस, कुणबी, मराठा, भंडारी, बौद्ध, चर्मकार, तेली, मुसलमान, ज्या कोणाचे मूल त्या शाळेत आहे ते एका ओळीत बसून एकाच पातेल्यातले खाते. आणि स्वयंपाकी-मदतनीस नेमताना दलित व आदिवासी स्त्रियांना प्राधान्य द्यावे, हा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २००४ मधील आदेश म्हणजे पंक्तीचा प्रश्न थेट चुलीपर्यंत नेणारा आदेश होता. यासाठी कोणाला स्थानबद्ध व्हावे लागले नाही, कोणाला प्रायश्चित्त घ्यावे लागले नाही. धर्मसुधारणेचे एवढे मोठे कार्य इतक्या निमूटपणे घडत असताना आपण त्याला केवळ खिचडी म्हणून ओळखतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पण जुना पंक्तिभेद जातो तेथे नवा येऊन बसतो. पूर्वी वरिष्ठ मानलेले लोक निराळ्या ओळीत बसत. आता ते पंक्तीतच नसतात. ज्याच्या हाती चार पैसे आले, ज्याचा मुलगा मुंबईहून मनिऑर्डरीच्या जागी बँकेच्या खात्यात रक्कम धाडू लागला, त्याने आपले नातवंड इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसवले, आणि वाडीची शाळा वीसांच्या आत आली. यात व्यक्तिशः कोणाला दोष देता येत नाही; प्रत्येक बाप आपल्या लेकराचे भले पाहतो. परंतु त्याचा परिणाम असा होतो की गावात ज्यांचा शब्द वजनदार, ज्यांची तक्रार मामलेदार कचेरीत ऐकली जाते, त्यांच्या घरचे कोणीही ते अन्न खात नाही. आणि गावच्या समित्यांत मान म्हणून ज्यांची नावे प्रथम उच्चारली जातात ते बहुधा हेच लोक असतात. आमटी पातळ झाली, तांदळात सोंडे पडले, भाजी चार दिवस आली नाही, तर त्यांच्या घरात त्या दिवशी काही बदलत नाही. चव घेतल्याची सही त्यांनी प्रामाणिकपणे केली तरी ती पाहुण्याची सही राहते. मूल्यमापन करणाऱ्याने म्हणून सहीच्या आधी एक गोष्ट विचारावी: सही करणाऱ्याच्या रक्ताचे कोणी या पंगतीला बसते काय?

याच्या उलट जिचे मूल त्या पंगतीला बसते ती आई कोठे असते, हेही पाहिले पाहिजे. रत्नागिरी हा स्त्रियांच्या खांद्यावर उभा असलेला जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि त्याचे कारण कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे: पुरुष चाकरमानी होऊन मुंबईस गेला, शेत, गुरे, म्हातारी माणसे आणि मुले बाईच्या अंगावर राहिली. जूनच्या मध्यास शाळा उघडते तेव्हा ती पेरणी आणि लावणीच्या चिखलात असते. पौषापासून ज्येष्ठापर्यंत ती काजूच्या कारखान्यात, आंब्याच्या बागेत किंवा बंदरावर मासळी निवडण्याच्या कामावर असते, जेथे एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी. सभा सकाळी अकराला ठेवावयाची, तिची गैरहजेरी लिहावयाची, आणि अहवालात मातांचा प्रतिसाद अल्प असे नमूद करावयाचे, हा अन्याय आहे, आणि तो आकड्यांच्या भाषेत केलेला असल्यामुळे अधिक खोल रुजतो. जिने पहाटे उठून मुलाला तयार करून, दुपारी शाळेत त्याचे पोट भरेल या भरवशावर स्वतः भाकरीचा तुकडा बांधून शेताची वाट धरली, तिने आपल्या लेकराची भूकच या व्यवस्थेच्या स्वाधीन केली आहे. याहून मोठी जोखीम कोणती? सहभागाचा अर्थ विश्वासाने काही पणाला लावणे असा घेतला, तर हजेरीपटावरील सर्वांत कोऱ्या रकान्याची मालकीण ही त्या पंगतीची सर्वांत मोठी भागीदार ठरते.

आणि जी रांधते ती? महिन्याला अडीच हजारांच्या आसपास मानधनावर, सुट्टीतील महिन्यांचे तेही न मिळता, ती तांदूळ निवडते, लाकूडफाटा किंवा गॅसची टाकी पाहते, मुलांची संख्या कमी-अधिक झाली तर अंदाजाने आधण ठेवते, आणि कोणत्या मुलाने आज पानात टाकले, कोणते दुसऱ्यांदा मागते आहे आणि कोणते सोमवारी अधाशासारखे खाते, हे तिच्याइतके कोणालाही माहीत नसते. अग्निहोत्राचा एवढा महिमा गाणाऱ्या समाजाने या अग्नीची राखण करणारीला नुसती मदतनीस म्हणून बाजूला उभी करावी हे मला धर्माच्या दृष्टीनेच विपरीत वाटते.

लोकसहभाग या शब्दाखाली आणखी एक गोष्ट खपवली जाते, तिचाही विचार येथे केला पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडे, आणि जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे, असा निर्णय घेतला. अंड्यावरून धर्माच्या नावाने वाद झाला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठी स्वतंत्र निधी मिळणार नाही, ज्या शाळांना ते द्यावयाचे असेल त्यांनी ते लोकसहभागातून द्यावे, असे ठरले. ज्या किनाऱ्यावर सुकटीशिवाय पेज उतरत नाही तेथील मुलांना अंड्याविषयी कोणी विचारले नाही. देतानाही नाही आणि थांबवतानाही नाही. वर्गणी गोळा करून अंडी देणारे गाव स्तुत्यच आहे, पण ज्या वाडीत वर्गणी देणारे हातच उरले नाहीत, तेथे सहभागाचा अभाव होता असे म्हणावे काय? हक्क मागे घेऊन त्या जागी औदार्याला आवाहन करणे याला दानधर्माच्या कोणत्याही परंपरेत मान्यता नाही. अतिथी वैश्वदेवासाठी ताटकळत असताना गृहस्थाने शेजाऱ्याकडे बोट दाखवावे, अशी मुभा आपल्या एकाही स्मृतीने दिलेली नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. भाव मोजता येत नाही. श्रद्धेचे माप अंतर्यामीच जाणे. तेव्हा माणसांच्या सहभागाचे मूल्यमापन करण्याचा हा उद्योगच मुळात अनधिकाराचा आहे, करणाऱ्याने करावे आणि हिशेब वर ठेवावा. या आक्षेपातील पहिला भाग मला पूर्णपणे मान्य आहे. समितीतील अमुक सभासदाच्या मनात कळवळा किती, हे मोजू पाहणारी प्रश्नावली मी निरर्थक मानतो, कारण कळवळ्याचे ढोंग सहज वठते आणि खरा कळवळा बहुधा बोलतच नाही. परंतु भाव अगम्य आहे म्हणून उत्तरदायित्वही अगम्य आहे असे ठरत नाही. १९६९ साली अमेरिकेत शेरी आर्नस्टीन या विदुषीने लोकसहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या, आणि खालच्या पायऱ्यांवर लोकांना नुसते बोलावून बसवले जाते, वरच्या पायऱ्यांवर निर्णयाची सत्ता त्यांच्या हाती येते, असे दाखवले. त्या मांडणीत अंतःकरणाचा प्रश्न कोठेही येत नाही. कोणाच्या शब्दाने काय बदलले एवढेच तीत पाहावयाचे असते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, वाढप्याला नको म्हणण्याचा आणि आणखी वाढ म्हणण्याचा अधिकार जेवणाऱ्याला आहे की नाही, हे पाहावयाचे. भीक घेणाऱ्याला हा अधिकार नसतो, पंगतीला बसलेल्याला असतो. आणि अन्नसुरक्षेच्या कायद्याने सामाजिक अंकेक्षणाची जी तरतूद केली आहे तिचा धर्म्य अर्थ मी हाच समजतो.

तेव्हा नोंदवहीत चव उत्तम असे तीनशे वेळा लिहिलेले मला आश्वासक वाटत नाही. एखाद्या दिवशी भात कच्चा राहिला होता, मुलांनी टाकला, अमक्या मुलीच्या आईने संध्याकाळी येऊन सांगितले, दुसऱ्या दिवशी आधण आधी ठेवले, असे एक पान त्या वहीत सापडले, तर त्या गावात भागीदारी जिवंत आहे असे मी समजेन, मग त्या महिन्यात सभेला कोरम नसला तरी चालेल. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने प्रथम हे पान शोधावे. सभा लावणी आटोपल्यावर, दिवेलागणीनंतर, वाडीच्या सहाणेवर किंवा बौद्धवाडीच्या विहाराच्या ओसरीवर घेता येते. त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. आणि शाळेतील अन्नाचा विषय निघेल त्या प्रत्येक सभेत रांधणाऱ्या बाईला इतरांच्या बरोबरीने बसवून प्रथम बोलू द्यावे, तिचे म्हणणे तिच्या शब्दांत इतिवृत्तात उतरवून घ्यावे, आणि त्याखाली सर्वांनी सह्या कराव्यात.